कालच्या पाण्याखाली तीन हात

मित्रांनो, वरकुट्याच्या कचरूतात्यांच्या गोठ्यात खुंटीला टांगलेला मी एक जुना गळ आहे. मासे पकडायचा नव्हे. विहिरीत पडलेल्या वस्तू काढायचा, चार आकड्यांचा, लोखंडी. इंदापूरच्या लोहाराने मला घडवले. पूर्वी बादली पडली की सारी वस्ती माझ्याकडे धावायची. आता घरोघरी नळ आले. बोलावणे क्वचितच येते; एरवी माझ्यावर कोंबड्या बसतात आणि बसून जे करायचे ते करतात.

माझे काम सोपे वाटते, पण मला तीन मापे लागतात. पायऱ्यांच्या बाजूच्या भिंतीपासून किती पुढे, उजव्या भिंतीपासून किती आत आणि किती खोल. एक जरी चुकले तरी हाती शेवाळ.

परवा संध्याकाळी शेजारच्या रोशनबीच्या किल्ल्यांचा जुडगा विहिरीत पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या लेकीचा, तमन्नाचा निकाह, आणि लग्नाचा जोडा, म्हणजे नवरीचे कपडे, नव्याकोऱ्या कपाटात बंद. दुसरी किल्लीही त्याच जुडग्यात! नशिबाने जुडगा पंपाच्या बुडालेल्या जुन्या पाइपाच्या टोकाला अडकलेला दिसत होता. उडी मारावी तर हिसक्याने तो तळाच्या गाळात जायचा. तात्यांनी लांब काठीने मापे घेतली: दोन हात पुढे, एक हात आत, पाण्याखाली तीन हात. मी मात्र तेव्हा दुसऱ्या वस्तीवर बादली काढायला गेलो होतो.

सकाळी परत आलो तर पाणी गढूळ, काही दिसेना. तात्यांनी मापाबरहुकूम मला सोडले. मी रिकामा वर आलो. पुन्हा सोडले, पुन्हा रिकामा. दोष कुणाला? मला! म्हणे, आकडे बोथट झाले. रोशनबी रडू लागली. तिचा नवरा सिकंदर कपाट फोडायला घण शोधू लागला.

इतक्यात तात्यांची बायको पुतळाबाई धुणे घेऊन आली आणि आपला साबण शोधू लागली. आदल्या दिवशी तिने तो पाण्यालगतच्या पायरीवर ठेवला होता. पायरीच दिसेना, तशी ती थबकली.

"आवो, रातीत कालव्याचं पाणी झिरपून इहिरीत चढलंय. दोन पायऱ्या बुडाल्यात. तुमचं तीन हात कालच्या पाण्याखाली व्हतं, आजच्या न्हाय."

दोन पायऱ्या म्हणजे एक हात. तात्यांनी मला चार हात खोल सोडले, हळूच ओढले, आणि मी जुडगा घेऊन वर आलो. रोशनबीने मला पदराने पुसले. खरे सांगतो, गंजलेल्या अंगावर काटा आला.

तमन्ना तोच जोडा घालून सासरी गेली. पुतळाबाईला नवा साबण मिळाला. मी पुन्हा खुंटीवर.

तेव्हा मित्रांनो, जागा सांगाल तेव्हा कुठून मोजले तेही सांगा, आणि रात्रीत हलेल अशा ठिकाणावरून मोजू नका. मला अधूनमधून तेल लावा. आणि जमलेच तर त्या तांबड्या कोंबडीला हाकला. ती नेमकी कुठे बसते, याची तिन्ही मापे मी बिनचूक देतो.