सांडू जमादाराचा लाल चेहरा

पोलिसाला कुणी तब्येत विचारली की त्याला आधी शंका येते. ह्यानं का विचारलं, ह्याला कुणी विचारायला लावलं, आणि आपण काय सांगितलं म्हणजे आपली बदली होणार नाही. त्यामुळं वरून तब्येतीचं ऍप आलं तेव्हा जुन्या शहरातल्या त्या ठाण्यात कुणी पेढे वाटले नाहीत. रोज सकाळी फोनवर तीन चेहरे यायचे, हिरवा, पिवळा आणि लाल. झोप झाली का, छातीत दुखतं का, मन थाऱ्यावर आहे का, ह्याचा विचार करून एका चेहऱ्यावर बोट ठेवायचं. लाल चेहरा दुपारपर्यंत लालच राहिला तर संध्याकाळच्या आत समुपदेशक बाई स्वतः फोन करतील, आणि बोललेलं कुणालाही सांगणार नाहीत, असं खाली लिहिलेलं होतं. गोष्ट चांगली होती. पण चांगली गोष्टसुद्धा वरून आली की आपल्याकडं तिचा अहवाल होतो.

आणि ठाण्यातला अहवाल कसा जातो हे ज्याला माहीत नाही त्यानं एकदा बघावंच. अवैध दारू विचारली की निरंक. जुगार विचारला की निरंक. उद्या कुणी ठाण्याच्या हद्दीत वाघ किती आहेत असं विचारलं, तरी कुणी खिडकीतून बाहेर न बघता निरंक लिहून मोकळं होईल. दीपमाला हवालदार ह्या कामात तरबेज होती. ती हजेरी मास्तर, म्हणजे कुणाला कुठली ड्युटी ते लावणारी, त्यामुळं साहेबांच्या खालोखाल तिचीच मर्जी सगळे सांभाळायचे. ऍप आल्यावर पहिल्याच आठवड्यात पोरांनी गळ घातली, ताई, तुम्हीच भरत जा ना आमचं. सगळ्यांनी पिन म्हणून आपापला बक्कल नंबर ठेवला होता, आणि सगळ्यांचे बक्कल नंबर दीपमालाला तोंडपाठ होते. मग काय, सकाळी चहा येईपर्यंत अख्खं ठाणं तिच्या फोनवर हिरवंगार व्हायचं. आढावा बैठकीत साहेबांचं कौतुक झालं, सगळ्यात तंदुरुस्त ठाणं म्हणून. ज्या ठाण्यातल्या निम्म्या लोकांच्या खिशात ॲसिडिटीच्या गोळ्या असतात त्याचं हे कौतुक, पण साहेब खूश तर सगळे खूश.

त्या गुरुवारी ती असंच भरत बसली होती, आणि सांडू जंजाळचं पान उघडलं तर तिथं आधीच लाल चेहरा.

सांडू जंजाळ म्हणजे ठाण्यातले सगळ्यात जुने जमादार. सिल्लोडकडचे, शेतकरी घरातले, निवृत्तीला आलेले, आणि सगळ्यांचे सांडूमामा. फोन आणि सांडूमामा ह्यांचं कधी जमलं नाही. ठाण्याच्या ग्रुपवर कुणाच्या तरी वडिलांच्या निधनाची बातमी आली होती तेव्हा त्यांच्या जाडजूड बोटानं त्याखाली हार्दिक अभिनंदनाचा गुच्छ पडला होता, आणि तो काढता येईना म्हणून ते त्या पोराच्या घरी जाऊन पाया पडून आले होते. दीपमालाला तेच आठवलं आणि हसू आलं. मामांनी परत काहीतरी दाबलं, असं म्हणून तिनं लाल काढून हिरवं केलं. लाल चेहऱ्याखाली चार शब्द लिहायची जागा होती, तिच्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. चहा आला होता, आणि शहागंजचा बंदोबस्त लावायचा राहिला होता.

शनिवारी तिनं पुढच्या आठवड्याच्या ड्युट्या लावल्या आणि मामांना गार्ड दिली. हे तिनं मुद्दाम, जीव लावून केलं होतं. मामांचे गुडघे गेलेले, शहागंजच्या घड्याळापाशी दिवसभर उभं राहून पाय सुजायचे. गार्ड म्हणजे रायफल मांडीवर घेऊन सावलीत खुर्चीवर बसायचं काम, त्यासाठी पोरं तिच्या मागं मागं फिरायची. साळूबाई, म्हणजे मामांची बायको, मागं बाजारात भेटली होती तेव्हा म्हणाली होती की हे आताशा रात्र रात्र ओट्यावरच बसून राहतात, आत येऊन निजत नाहीत. दीपमालानं ते गुडघ्यांच्या खात्यात टाकलं होतं.

मामा आले ते तिच्या टेबलासमोर उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. हातात फोन होता आणि त्याच्याकडं सारखं बघत होते. ती गमतीनं म्हणाली, कुणाचा फोन यायचाय मामा, या वयात? ते हसले नाहीत. गार्ड नको म्हणाले. शहागंजला उभा राहतो, वाटल्यास दोन्ही पाळ्या उभा राहतो, पण गार्ड नको.

दीपमालाला राग आला. एवढ्या पोरांची नाराजी घेऊन आपण ह्यांना खुर्ची दिली आणि ह्यांचं हे असं. तिनं जरा तोडूनच सांगितलं की यादी साहेबांच्या सहीला गेली, आता बदल होणार नाही, आणि गार्डला नकार देण्यासारखं त्यात आहे तरी काय.

मामांनी मागं वळून बघितलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"मला रायफल देऊ नको, पोरी," ते म्हणाले. "एकट्याला तर बिलकुल देऊ नको."

दीपमाला वीस वर्षं खात्यात होती. ह्या वाक्याचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं पेन खाली ठेवलं. ती उठली, मामांच्या दंडाला धरून त्यांना खुर्चीवर बसवलं आणि दार लोटून घेतलं.

मग ते बोलले, तुकड्या-तुकड्यानं. दिवाळीच्या आधी आरोपीला जालन्याच्या कोर्टात हजर करून परत येताना करमाडच्या पुढं त्यांच्या गाडीसमोरच अपघात झाला होता, हे दीपमालाला माहीत होतं. शाळेच्या कपड्यातल्या एका पोरीला मामांनी उचलून गाडीत घेतलं होतं, हेही माहीत होतं. ती पोर दवाखान्यापर्यंत मामांच्या मांडीवर होती आणि वाटेत दोनदा तिनं पाणी मागितलं, हे मात्र माहीत नव्हतं. पाणी द्यावं की नाही हे मामांना कळेना, म्हणून त्यांनी दिलं नाही. चिकलठाण्याच्या अलीकडं ती गेली. मामांनी गणवेश धुतला आणि संध्याकाळच्या हजेरीला उभे राहिले. तेव्हापासून डोळा लागत नाही. डोळा लागला की ती पाणी मागते.

साळूबाईला सांगवत नाही म्हणाले, ती रडत बसेल. साहेबाला सांगितलं तर म्हातारा कामातून गेला म्हणून शिक्का बसेल.

"म्हणून त्या ऍपमधी लिवलं," मामा म्हणाले. "नातवाला विचारून विचारून एक एक अक्षर लिवलं, काय लिवतोय ते त्याला कळू न देता. फोन येईन असं व्हतं त्यात. दोन दिस झालं, मी फोन उशाला घेऊन बसलोय. मंग म्हणलं, वाचलं असंल त्यांनी. वाचून बी कुणाला काय वाटलं नसंल."

दीपमालाला गुरुवारचा लाल चेहरा आठवला. आता काहीच न बोलता फोन लावून देता आला असता, ऍपमध्ये बिघाड होता असं म्हणता आलं असतं, आणि मामांना ते कधी कळलंही नसतं. खात्यात असे बिघाड रोज होतात. पण आपलं लिहिलेलं वाचून कुणाला काही वाटलं नाही, हे मनात धरून हा माणूस दोन दिवस फिरला होता. ते त्याच्या मनातून काढायचं तर खरं सांगण्यावाचून इलाज नव्हता.

"कुणी वाचलंच नाही, मामा," ती म्हणाली. "तुमचा लाल चेहरा मी हिरवा केला. मला वाटलं, चुकून दाबला तुम्ही."

मामा रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट काहीतरी सैल झालं होतं.

"म्हंजी तिकडं कुणाला ठाऊकच नाय?" त्यांनी विचारलं.

ती नाही म्हणाली, आणि तिला रडू आलं. तिनं ते लपवलं नाही. मग डोळे पुसून आधी ड्युटीची यादी साहेबांच्या टेबलावरून परत आणली. साहेबांनी भुवया उंचावल्या तेव्हा सांगितलं की जंजाळ जमादारांकडं हत्यार जाणार नाही, ठाण्यात माझ्यासोबत बसतील. का ते आत्ता विचारू नका, आणि उद्यापासून ऍप ज्याचं त्यानं भरायचं, मग आपलं ठाणं हिरवं दिसो की लाल. साहेब कुरकुरले. मग तिच्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी यादीतली गार्ड खोडली.

परत येऊन तिनं मामांचा फोन त्यांच्याच हातात दिला. मामांनी लाल चेहऱ्यावर जाड बोट ठेवलं, नीट दाबून ठेवलं, आणि खालची ओळ पुन्हा लिहिली. दीपमालानं दुपारची वाट बघितली नाही. ऍपमधला नंबर काढून तिनं स्वतःच्या फोनवरून लावला आणि सांगितलं की आमच्या एका माणसाला आत्ता, ह्या घडीला फोन करा. पलीकडच्या समुपदेशक मनस्विनी बाईंनी नाव आणि बक्कल नंबर विचारून घेतला आणि लगेच करते म्हणाल्या.

दोघं समोरासमोर बसली. चहा आला, तो कुणी घेतला नाही. मामांचा फोन टेबलावर थरथरला, तसे ते सवयीनं ताडकन उभे राहिले आणि टोपी सारखी केली.

"जय हिंद म्याडम, जमादार जंजाळ बोलतोय," ते म्हणाले. पलीकडून बाईंनी कसे आहात म्हणून विचारलं असणार, कारण लागलीच तोंडातून निघून गेलं, "व्हय व्हय, सगळं ठीक हाय."

इतक्या वर्षांची सवय होती ती. रात्रपाळी असो, दंगल असो, वरून विचारणा झाली की हेच उत्तर. दीपमालानं टेबलापलीकडून मान हलवली. मामांनी तिच्याकडं बघितलं, मग हळूच टोपी काढून टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसले.

"नाय म्याडम," ते म्हणाले. "ठीक नाय."

दीपमाला उठून बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि त्याच्यापुढं स्टूल टाकून बसली. ड्युटी विचारायला आलेल्या पोरांना तिनं सांगितलं, थांबा जरा, आत मामांचं काम चाललंय.