ओल्या रंगाची खोली

रंगारी आला तो कानाच्या पाळीवर पिवळा ठिपका घेऊनच. हात कोपरापर्यंत धुतले, चपला बाहेर काढल्या, दवाखान्याचा हिरवा डगला चढवला. पण स्वतःच्या कानाकडे कोण बघतं? चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

त्याची बायको कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. छातीशी उघड्या अंगाने बिलगलेली लेक. दिवस भरायच्या कितीतरी आधी आलेली, म्हणून सगळा वॉर्ड तिला तिळू म्हणायचा. उद्या तिळूला घरी न्यायचं होतं.

आईची नजर मात्र लेकीवर नव्हती. ती होती वरच्या पडद्यावर, जिथे हिरवी रेघ चढत होती, उतरत होती. मधे मधे तिळू श्वास घ्यायलाच विसरायची. मग यंत्र कोकलायचं, सिस्टर धावत यायची, तळपायाला टिचकी मारायची आणि पोर दचकून पुन्हा श्वास ओढायची. आता बरेच दिवस विसरली नव्हती. डॉक्टर म्हणाले, काळजी नको. पण घरी विसरली तर? घरी कोकलणार कोण?

हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. डोळ्यांत पाणी येई, ते आनंदाचंच असणार असं सगळे धरून चालले होते. ती आपली रेघेकडे बघत, ओठातल्या ओठात म्हणत राही:

तिळाएवढा गं जीव, वर आभाळाचा भार
रेघ चालते हिरवी, तिचा जिवाला आधार

"अगं, ऐक ना," रंगारी वाकून कुजबुजला. "सांगणार नव्हतो, पण पोटात राहीना. खोली रंगवली!"

"कधी?"

"आज सकाळी दुसरा हात मारला. पिवळा. भडक नाही हं, कोवळ्या उन्हासारखा. खिडकी, दार, पाळणा, सगळं ऑइलपेंट. नुसतं चकचकतंय!"

पलीकडे दुधाच्या वाट्या धुणाऱ्या सिस्टरचे हात थांबले. "काय म्हणालात भाऊ? ऑइलपेंट?"

"चांगल्यातला आहे सिस्टर."

"असेना चांगल्यातला. वास किती आहे?"

"वास तर..." त्याचं वाक्य मधेच बसलं. हसू हळूहळू उतरलं. "गिऱ्हाइकाला मीच सांगतो," तो स्वतःशी बोलल्यासारखा म्हणाला. "रंग ओला आहे, लहान मूल इतक्यात आत नेऊ नका. प्रत्येक घरी सांगतो. तोंडपाठ आहे मला."

"मग आपल्या घरी सांगायला काय दुसरा रंगारी बोलवायचा होता?" सिस्टर म्हणाली, आणि त्याचं तोंड बघून तिचा आवाज खाली आला. "या पोरीची फुफ्फुसं अजून नाजूक आहेत, भाऊ. त्या खोलीत नाही पाठवायची मी तिला."

आईची नजर पुन्हा रेघेकडे गेली. उद्या नाही. रेघ अजून काही दिवस आपली. तिने मोठा श्वास सोडला, आणि सोडल्या क्षणीच मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. लेकीचं घरी जाणं लांबलं म्हणून कुठल्या आईला हलकं वाटतं?

"दुसरीकडे नाही का सोय?" सिस्टर विचारत होती. "इथे ठेवता येईल, पण इथे रोज नवं बाळ, नवा ताप. बरं झालेलं मूल उगाच कशाला ठेवायचं?"

"मेहुणीचं घर आहे जवळ," रंगारी म्हणाला, "पण ते पाहुण्यांनी भरलंय."

भरलेलं नव्हतं. पाहुणे काल गेले. ताईने फोनवर सांगितलं होतं, मागची खोली धुऊनपुसून ठेवलीय, कधीही या. आईने ओठ मिटले ते मिटलेच.

रंगाऱ्याने लेकीच्या पाठीकडे बोट नेलं. पहिल्या दिवसापासून तो तिला एका बोटानेच शिवत आला होता. बोट वाटेतच थांबलं. त्याने ते नाकाशी नेलं, हुंगलं, आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले, वर्गात उभं केलेल्या पोरासारखे.

तेवढ्यात यंत्र कोकललं.

सिस्टर गर्रकन वळली. रंगारी पांढराफटक.

"वायर निघालीय," आई म्हणाली. "ती घेतेय श्वास."

सिस्टरने आईच्या डगल्याची कड उचलून पाहिलं. तळपायाची पट्टी खरंच सुटून लोंबत होती. "कधी बघितलंस गं?"

"नाही बघितलं." तिच्या गळ्याच्या खळगीत एक बारीक ऊब येत होती, जात होती. "इथे लागतोय."

सिस्टरने यंत्राचा आवाज बंद केला. आईला धीर आला असं नाही. एकदा कळलं म्हणून दर वेळी कळेल, हे कोणी सांगावं? पण पाठीमागे बांधलेले ते हात तिला बघवेनात.

"ताईचे पाहुणे काल गेले," ती म्हणाली. "मागची खोली रिकामी आहे."

"काल? अगं मग बोलली का नाहीस? मी इथे मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालतोय!"

"मला न्यायचं नव्हतं हिला."

सिस्टरने पाठ फिरवून नळ सोडला, धुतलेल्याच वाट्या पुन्हा धुवायला घेतल्या.

"आणि आता?" त्याने विचारलं.

"आताही भीती वाटतेय, अहो."

"मलाही," रंगारी म्हणाला. "म्हणून तर रंगकाम काढलं. घरी नुसतं बसवत नव्हतं गं."

ती त्याच्या कानावरच्या ठिपक्याकडे बघत राहिली. सिस्टर हात पुसत आली, लोंबणारी वायर बोटांत धरून थांबली.

"लावू?"

आईची नजर सवयीने पडद्याकडे गेली. तिथे रेघ नव्हतीच. तिने मान खाली घालून तिळूच्या पाठीवर हात ठेवला. पाठ वर आली. खाली गेली. मग कितीतरी वेळ काहीच नाही, असं वाटेपर्यंत पुन्हा वर आली.

"लावा," ती म्हणाली. "आजच्या दिवस."