रिकामा साचा

सरांनी कागदावर ठेवलेला तळहात उचलला नव्हता आणि खोलीत कुणीच बोलत नव्हते. प्रिंटर नुकताच थांबला होता. त्यामुळे त्या शांततेलाही तापलेल्या शाईचा वास होता. टेबलावर सरांच्या कवितासंग्रहाच्या मांडणीचे दोन नमुने शेजारी शेजारी मांडलेले. डावीकडे थोरल्याचा, उजवीकडे त्याच्या धाकट्या बहिणीचा. सरांचा हात उजवीकडे होता.

थोरला खिडकीला पाठ लावून उभा होता. तो हात आता उचलला जाईल, मग उचलला जाईल, अशी वाट पाहता पाहता त्याला त्या हाताचाच राग येऊ लागला. वास्तविक कॉलेजात त्या हाताने खडू धरला तेव्हा कवितेची ओळ कुठे तुटते आणि का तुटते, हे त्याला पहिल्यांदा कळले होते.

"ही," सर अखेर म्हणाले. "ही पानं श्वास घेतात."

धाकटीने ओठ दाबून हसू आवरले. ते आवरलेले हसू थोरल्याला उघड्या हसण्यापेक्षा अधिक झोंबले.

"किती दिवस खपलीस गं यावर?"

"दिवस कुठले, सर? एक दुपार. साचा तयारच होता, मी नुसता शोधला."

"सर, स्पष्टच सांगतो," थोरला खिडकीपासून पुढे झाला. "ते आयतं आहे. प्रोग्रॅम उघडला की साच्यांचा बाजार समोर येतो. आमंत्रणं, जाहिराती, दवाखान्याची माहितीपत्रकं, आणि त्याच रांगेत कवितासुद्धा. एक उचलायचा, त्यात आपला मजकूर ओतायचा. आयत्या पिठावर रेघोट्या."

"रेघोट्या सरळ आल्यात ना पण?" धाकटी म्हणाली. "आमच्या दादाला दार उघडायचं असलं ना सर, तरी तो आधी सुताराला बोलावतो. आणि सुतार आला की म्हणतो, थांब, आपण झाड लावण्यापासून सुरुवात करू."

सर खळखळून हसले. "अरे, वृत्तात लिहिताना मी तरी वेगळं काय करतो? कुणीतरी आखून ठेवलेल्या साच्यात माझे शब्द ओततो. साचा आयता असला म्हणून दुःख आयतं होत नाही."

त्यांनी धाकटीचा नमुना काखेत धरला, काठी घेतली, उद्या खुणा करून आणतो म्हणाले. दाराशी पोचल्यावर आठवण झाल्यासारखे मागे वळले.

"तुझंही छान आहे हं."

सगळे विष त्या 'हं'मध्ये होते. पडलेल्या मुलाला लागले नाही ना म्हणून विचारतात तसा तो 'हं'.

*

भावंडांचे हे कार्यालय वह्या-पेनांच्या दुकानाच्या माथ्यावर दोन खोल्यांत होते. पुस्तके इथे छापली जात नसत. छापखान्यात जाण्यापूर्वी ती इथे घडत. कुणाचे हस्तलिखित आले की त्याला पान द्यायचे, पानाला समास द्यायचा, ओळीखाली ओळ अशी बसवायची की वाचणाऱ्याला बसवणारा दिसू नये. हा व्याप थोरल्याने एकट्याने उभा केला होता. बहीण गेल्या वर्षी नोकरीला कंटाळून इथे आली, त्याच्या जुन्या संगणकावर बसली आणि वारा आल्यासारखी सगळ्या कामांतून फिरू लागली. ती चुका करी, हसे, दुरुस्त करी. लेखक मंडळी तिच्या टेबलाशी रेंगाळत. थोरल्याच्या टेबलाशी मात्र हीच मंडळी फक्त सही करायला येत.

हे सारे त्याने सोसले असते. पण सरांचे पुस्तक त्याला हवे होते. आणि ते का हवे होते, हे त्याने कुणालाच सांगितले नव्हते.

कॉलेजात असताना त्याने आपल्या कविता स्वच्छ टंकून सरांना वाचायला दिल्या होत्या. सरांनी त्या कितीतरी महिने ठेवून घेतल्या. तो रोज वर्गात त्यांच्या चेहऱ्यावर उत्तर शोधत असे, आणि सर फळ्याकडे वळत. शेवटी एके दिवशी जिन्यात त्यांनी तो गठ्ठा परत दिला. म्हणाले, "मांडणी सुरेख केली आहेस."

बस, तेवढेच. कवितांबद्दल अक्षर नाही.

माणूस उपाशी असला की ताटाच्या नक्षीवरही जगतो. त्याने मांडणी हाच धंदा केला. सरांनी त्याला दिलेली एकच गोष्ट त्याने आयुष्यभर घासून पुसून लखलखीत ठेवली. आणि आज तीच सरांनी त्याच्या डोळ्यांदेखत, सहज, दुसऱ्या कुणाला देऊन टाकली होती. तीही एका दुपारच्या मोबदल्यात.

*

दुपारी धाकटी कागदवाल्याकडे गेली. थोरला काही वेळ स्वतःच्या पडद्याकडे बघत राहिला, मग उठून तिच्या खुर्चीत बसला. तिने कुठला साचा उचलला ते त्याला शोधायचे होते. तो सापडला की सरांना दाखवता येईल: हे पाहा, हेच पान जगात कुणाकुणाच्या आठवणींच्या पुस्तकाला आहे, कुणाकुणाच्या कंपनीच्या अहवालाला आहे, हे पान श्वास घेत असेल, पण तो उष्टा श्वास आहे.

नवे काम सुरू करण्याची खिडकी त्याने उघडली. शोधाच्या पट्टीत तिने टाकलेला शब्द तसाच होता: कविता. खाली चित्रांची रांग आली. पिवळ्या पानांचे एक, समुद्रावरच्या पाऊलखुणांचे एक, कपाच्या कडेला गुलाब ठेवलेले एक. प्रत्येक साच्याला कवितेविषयी काहीतरी गोड गैरसमज होता. यांतला एकही तिचा नव्हता. तो खाली, आणखी खाली सरकत गेला. अगदी तळाला 'या संगणकावरचे' असा कप्पा होता आणि त्यात चित्र नसलेले एकच राखाडी पान. त्याखाली नाव: कविता रिकामे.

ते नाव त्याने दोनदा वाचले.

त्याने ते उघडले. बाहेरचा समास अंमळ रुंद, वाचणाऱ्याचा अंगठा ओळीवर पडू नये म्हणून. पानाचा आकडा खाली, कोपऱ्यात, संकोचून उभा राहिल्यासारखा. कवितेची पहिली ओळ पानाच्या माथ्यापासून इतकी खाली की आधीची शांतताही वाचावी लागेल. माणसाला आपले जुने अक्षर ओळखू यावे तसे त्याला ते पान ओळखू आले. धंदा सुरू केल्यावर एका हिवाळ्यात त्याने पुन्हा लिहायला घेतले होते. स्वतःच्या संग्रहासाठी हे पान आखले होते. मग एके दिवशी कविता पुसून टाकल्या. मजकुराच्या चौकटी तेवढ्या पुसवल्या नाहीत. चुकून कुणी त्यावर लिहू नये म्हणून त्याने त्या साचा म्हणून जपून ठेवल्या आणि विसरून गेला.

मुंगीने वारूळ करावे आणि नागोबाने त्यात राहावे, हे त्याने ऐकले होते. पण नागोबाचा हेवा करता करता मुंगीला ते वारूळ आपलेच आहे हे कळावे, ही तऱ्हा नवीन होती. आता जळायचे तरी कुणावर? सकाळपासून तो ज्या पानाचा मत्सर करत आला ते त्याचेच होते. आणि तरीही मत्सर तसूभर कमी झाला नाही. उलट त्याला राहायला आणखी एक खोली मिळाली. कारण याच हातांनी आज केलेला नमुना सरांनी 'हं' म्हणून बाजूला सारला होता. तेव्हाचा तो आजच्या त्याच्यापेक्षा सरस होता.

मग त्याने धाकटीची फाईल उघडली आणि पाने उलटली. सरांच्या कविता त्या चौकटींतून एकीतून दुसरीत, पाण्यासारख्या वाहत गेल्या होत्या. एका पानावर तो थांबला.

*घर सोडताना*
*दिवा मालवला नाही.*
*कुणी नाही हे*
*घराला इतक्यात कळू नये म्हणून.*

ही सरांची नव्हती. ओळी कशा पडतात ते दिसावे म्हणून त्याने साच्यात आपली एकच कविता नमुन्यादाखल राहू दिली होती. ती चौकट बाकीच्या चौकटींच्या साखळीत जोडलेली नव्हती; त्यामुळे धाकटीने मजकूर ओतला तेव्हा तो या पानाला वळसा घालून पुढे गेला. साच्यातला मजकूर पुसायचा राहून जाणे, ही या धंद्यातली पहिली आणि शेवटची नामुष्की. नवशिक्याला आधी तेच शिकवतात.

थोरल्याच्या छातीत कितीतरी दिवसांनी हवा भरली. सर ते पान घेऊन घरी गेले होते. ते वाचतील. विचारतील, ही कुणाची घुसडलीस माझ्या पुस्तकात? आणि श्वास घेणारी पाने कशी गुदमरतात ते तो खिडकीशी उभा राहून बघेल.

धाकटी परतली तेव्हा तो आपल्या खुर्चीत होता.

"काय रे, तोंड असं का? एरंडेल प्यायलास?"

"काही नाही."

"दादा." ती त्याच्या टेबलाच्या कडेवर टेकली. "खरं सांगू? मी उद्या सरांना म्हणते, दादाचाच नमुना घ्या. मला काय, मी आणखी कशात तरी ओतेन. तू गेले कित्येक दिवस नीट जेवला नाहीयेस."

ती हे मनापासून म्हणत होती. माणूस आपल्याहून भाग्यवान असतो तेवढे एक वेळ सोसवते. तो वर चांगलाही असावा, हे सोसत नाही.

"दान नकोय मला," तो म्हणाला. आणि त्या पानाबद्दल अवाक्षर काढले नाही.

*

दुसऱ्या दिवशी सर आले ते जिन्यातूनच बोलत आले. नमुना टेबलावर पसरला. पानापानावर लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या: इथे शब्द बदल, ही ओळ गाळ, ही कविता मुळातच गाळ. स्वतःच्या कवितांवर त्यांनी मुळीच दया दाखवली नव्हती. धाकटी भराभर टिपून घेत होती. थोरला खिडकीशी उभा होता आणि ते पान येण्याची वाट बघत होता.

ते आले. त्यावर एकही खूण नव्हती.

सरांनी चष्मा काढला. "ही," ते म्हणाले, आणि कागदाकडे न बघता चारही ओळी म्हणाले. दिव्याशी त्यांचा आवाज किंचित अडखळला. "ही मी कधी लिहिली, आठवत नाही. वय झालं. रात्रभर ही एकच वाचत बसलो. बाकीच्या सगळ्यांवर लाल पेन्सिल चालवली ती हिच्यामुळेच. संग्रह इथून सुरू कर, बेटा. सगळ्यांच्या आधी ही."

धाकटीने मान डोलावली. तिला ती सरांचीच वाटत होती. दादाच्या कविता तिने कधी पाहिल्याच नव्हत्या.

आता गप्प राहणे सोपे होते. गप्प राहिले तर त्या चार ओळी पुस्तकाच्या पहिल्या पानावर जातील, दुसऱ्याचे नाव घेऊन. लोक त्या म्हणतील. तो दुकानात उभा राहून ते पान उलटेल आणि स्वतःचाच हेवा करत घरी जाईल, मरेपर्यंत. थोरल्याला कळले की आजवरचा सारा जळफळाट ही नुसती रंगीत तालीम होती.

"सर, ती तुमची नाही."

"काय?"

"साच्यातला मजकूर आहे तो. पुसायचा राहिला."

धाकटीच्या हातातले पेन थांबले. "अगं बाई," ती पुटपुटली. "दादा, तुला कालच दिसलं होतं?" त्याने तिच्याकडे पाहिले नाही, तिला उत्तर मिळाले. पण ती रागावली नाही. तिने पडद्यावर ते पान आणले, त्या एकट्या चौकटीवर बोट ठेवले आणि हळूहळू तिला साऱ्याचा उलगडा झाला. "या संगणकावर माझ्याआधी तूच होतास. हा साचा तुझा आहे," ती म्हणाली. "सर, हा साचा याचा आहे! तुम्हाला आवडलेली पानं दादाची आहेत."

सरांनी पानांचे ऐकले नाही. ते त्या चार ओळींकडे बघत होते.

"कविता कोणाची?"

"माझी."

सरांचा हात आपसूक कागदावर गेला आणि चटका बसल्यासारखा मागे आला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटले, लगेच आवरले गेले. पण थोरल्याने ते पाहिले. ते तो गेले कित्येक दिवस रोज सकाळी दाढी करताना आरशात बघत होता. त्यात चूक होणे शक्य नव्हते. आणि मग त्याला तो जिना आठवला, परत आलेला गठ्ठा आठवला, आणि फळ्याकडे वळणारी ती पाठ, जिचा अर्थ त्याने इतकी वर्षे चुकीचा लावला होता.

"सर," त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "मांडणीचं राहू द्या. कविता कशी आहे?"

सरांनी चष्मा घातला. लाल पेन्सिल खिशात ठेवली. आपली पाने गोळा केली, कडा जुळवल्या. ते एक पान मात्र टेबलावर तसेच राहू दिले. काठी घेतली. दाराशी ते क्षणभर थांबले, काल थांबले होते तिथेच. या वेळी मात्र मागे वळले नाहीत. मग जिन्यावर काठीचा आवाज एकेक पायरी उतरत गेला.