शून्य ते दहा

थोरलीनं दुसऱ्या धर्मातल्या मुलाशी लग्न केलं आणि बाबांनी तिला घराचं दार बंद केलं, त्याला कितीतरी वर्षं लोटली. आता तिचा निरोप आला होता: एकदा बाबांना भेटू दे. पण बाबांना हे विचारायचं कुणी? धाकटी दिवसभर परक्यांच्या घरात शिरून नाही नाही ते विचारायची, पण बापापुढे तिची दातखीळ बसायची.

ती सर्वेक्षणात काम करायची. माणसं देवाला किती मानतात आणि इतरांशी कशी वागतात, याची मोजदाद. शिस्त कडक: प्रश्न टॅबवर असेल तसाच वाचायचा, उत्तर काहीही येवो, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. घरच्यांची उत्तरं मोजणीत धरत नसत, सरावाला मात्र चालत. तिनं हीच पळवाट धरली. सराव करायचाय म्हणून बाबांना समोर बसवलं. हसू नका, पोटच्या पोरीलाही कधी कधी असल्या आडवाटेनंच बापापर्यंत पोचावं लागतं.

देवावर विश्वास किती, शून्य ते दहा? सकाळ-संध्याकाळ डोळे मिटून हात जोडणारा हा माणूस. तिनं मनात दहा धरूनच ठेवले होते.

"शून्य," बाबा म्हणाले.

शिस्त म्हणजे शिस्त. तिनं पुढचा प्रश्न वाचला: मुलीनं दुसऱ्या धर्मात लग्न केलं तर चालेल का?

बाबांनी चष्मा काढून हातात घेतला. "माझी हरकत तेव्हाही नव्हती. चार नातेवाईक तोंड फिरवतील म्हणून घाबरलो. देवाचं नाव पुढे केलं की कुणी वाद घालत नाही." मग डोळे पुसत म्हणाले, "येईल का ती? विचार तिला."

धाकटीला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण संतापही असा आला, की हातातला टॅब आपटावासा वाटला. थोरलीनं आजवर बापाला एका शब्दानं दोष दिला नव्हता. बाबांची श्रद्धाच तशी, ते तरी काय करणार, असं म्हणून ती रडायची आणि त्यांना माफ करून मोकळी व्हायची. त्या एका समजुतीवर तिनं सगळं सोसलं होतं.

धाकटीनं जिन्यात जाऊन फोन लावला. बाबा बोलावतायत, एवढंच सांगितलं. पलीकडून नुसते हुंदके. मग थोरलीनं हळूच विचारलं, "त्यांच्या देवाला चालेल ना गं?"

धाकटीनं वळून घराच्या दाराकडे पाहिलं.

"चालेल," ती म्हणाली.