घाम न येणारा खेळ

"ज्यात घाम येत नाही, तो खेळ कसला?" ट्रेव्ह हॅडो म्हणाला. त्याच्या तोंडात सॉसेज रोल होता. माझ्या बायकोला पुरून आम्ही नुकतेच परतलो होतो आणि सभागृहात चहा चालला होता.

आमच्या बरांगा गावातल्या नामवंत खेळाडूंचा नवा फलक त्याच सभागृहात लागणार होता. ट्रेव्ह त्या समितीचा अध्यक्ष. माझी बायको कोरल पूलमध्ये, म्हणजे टेबलावर काठीनं चेंडू मारायच्या खेळात, दोनदा राज्याची विजेती झाली होती, पण तिचं नाव फलकावर घ्यायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं.

"आणि गोल्फ?" मी विचारलं. गोल्फसाठी त्याचं स्वतःचं नाव फलकावर होतं.

"गोल्फमध्ये चालावं लागतं, डग. एका हातात बिअर धरून जे खेळता येतं, तो विरंगुळा."

"चालण्यावरच असेल तर माझंही नाव घाल. जन्मभर टपाल वाटत हे गाव तुडवलंय मी."

लोक हसले. ट्रेव्हही हसला आणि माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "दुःखात आहेस, मित्रा. घरी जा, पड जरा."

ती थाप माझ्या खांद्यावरून गेली नाही.

आमच्या गॅरेजमध्ये पूलचं टेबल आहे. जेवण झालं की कोरल आणि मी तिथे खेळायचो आणि मी हरायचो. ती गेल्यावर मी एकटा खेळत राहिलो. मन रमावं म्हणून नाही, ट्रेव्हसाठी. पांढरा चेंडू मारताना मला समोर त्याचं तोंड दिसायचं. हिवाळाभर मी ते तोंड फोडत होतो.

मग एका रविवारी आमचा संघ फुटबॉलमध्ये जिंकला. दुपारी सगळा गाव पबमध्ये लोटला. पबमधली दर रविवारची सोडत, बक्षीस मटणाचं, नुकतीच झाली होती आणि ट्रेव्ह रंगात होता. मी कोरलची क्यू, तिची खेळायची काठी, घेऊन त्याच्यासमोर उभा राहिलो.

"एक डाव होऊन जाऊ दे."

"कशाला उगीच?"

"घाबरलास? खेळच नाही ना तो? मग मला हरवायला तुला काय जड आहे?"

"खेळ रे ट्रेव्ह!" मागून कोणीतरी ओरडलं. "म्हाताऱ्याला कंटाळा आलाय घरी."

"ठीक आहे," ट्रेव्ह म्हणाला.

"इथल्या नियमानं," मी म्हणालो.

तो नियम आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतो. आपल्या वाटच्या चेंडूंपैकी एकही टेबलाच्या पॉकेटात न घालता जो हरेल, त्यानं पँट खाली सोडून टेबलाला एक फेरी मारायची. ट्रेव्हनं बिअरचा घोट घेतला. "तुझे पाय बारीक आहेत, डग. थंडी वाजेल."

त्रिकोणात लावलेले चेंडू फोडताना त्यानं सगळं अंग झोकून दिलं. चेंडू टेबलभर पांगले, पण पडला एकही नाही. मी दोन घातले आणि चुकलो. त्यानं एक सोपा चेंडू जोरात मारला, तो पॉकेटच्या कडेवर आपटून परत आला. मग मी चुकलो नाही. माझा शेवटचा चेंडूही पडला.

उरला होता सगळ्यांत शेवटी घालायचा काळा चेंडू, पॉकेटच्या सरळ रेषेत. तो घातला की डाव संपला. ट्रेव्हचे सगळे चेंडू अजून टेबलावरच होते.

अशा वेळी कोरल मुद्दाम चुकायची. समोरच्याला एखादा तरी चेंडू घालू द्यायची, मग काळा घ्यायची. तिच्याकडून गावातला प्रत्येक जण हरला होता, पण तिच्यापुढे पँट कोणाचीच उतरली नव्हती. हे पबमध्ये सगळ्यांना माहीत होतं.

"डग," काउंटरमागून जोसी हळूच म्हणाली. हा पब तिचाच. कोरलची जिवाची मैत्रीण.

मी काळा घातला.

ट्रेव्हनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली नाही. त्यानं पट्टा सोडला.

"आला का आता घाम?" कोणीतरी ओरडलं आणि पब हशानं दणाणला. पँट घोट्यांत अडकलेली, त्यामुळे त्याला पळता येईना. टेबलाची कड धरून तो सरकत राहिला. फुटबॉलपायी दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रियेचे लांब वण होते. अर्ध्या फेरीपर्यंत हसणं थांबलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण तेही अर्ध्या फेरीपर्यंतच.

पँट वर ओढत तो म्हणाला, "बैठकीत मीच मांडतो तिचं नाव."

"मांड."

आमच्याकडे पुढच्या डावाचे चेंडू हरलेल्यानं लावायचे असतात. ट्रेव्ह पट्ट्याशी झटत होता. मी भानावर आलो तेव्हा लाकडी त्रिकोण माझ्याच हातात होता आणि मी पॉकेटांतून चेंडू काढत होतो.

"अरे डग," जोसी म्हणाली, "जिंकलास ना तू?"

"हो," मी म्हणालो आणि काळा चेंडू त्रिकोणाच्या मधोमध ठेवला.