हरलेल्या प्रमोदिनीताई

महापालिकेच्या निवडणुकीत हुडकेश्वरच्या प्रभागातून गिरिधर निवडून आला तो दवाखान्याच्या जोरावर. शेवटच्या सभेला दोन्ही उमेदवार एकाच मंचावर होते आणि वाद पेटला तो म्हाताऱ्यांच्या आजारपणावरून. "आपल्या मायबापायनं धंतोलीच्या दवाखान्यायचे उंबरठे काहून झिजवायचे?" गिरिधरनं विचारलं आणि प्रभागातच मोठा दवाखाना बांधायचा शब्द दिला. समोरच्या उमेदवार प्रमोदिनीताई म्हणाल्या, जे अंथरुणातून उठूच शकत नाहीत, त्यांच्या घरी नर्स गेली पाहिजे. "ताई, हे काय पोलिओचे डोस आहेत का, घरोघरी फिरवाले?" त्यानं थट्टा केली. लोक हसले. ताई पडल्या.

निकालाचा गुलाल अजून अंगणात होता, तेवढ्यात त्या गिरिधरच्या दारात उभ्या राहिल्या. त्याला वाटलं, भांडायलाच आल्या. ताई शांतपणे खुर्चीवर टेकल्या.

"गिरिधरभाऊ, तुमचा दवाखाना व्हावाच. मी आडवी येनार नाही. पण जागा भेटन, मंजुरी येईन, भिंती उभ्या राहतीन. तवरोक मारोतरावची पाठ कोन पाहीन? चिघळून राहिली ती."

मारोतराव म्हणजे गिरिधरच्याच पक्षाचे जुने कार्यकर्ते, लकवा मारल्यापासून पडून असलेले. प्रचारात तो त्यांच्या दारापर्यंत गेला होता, आत गेला नव्हता.

"तुमी जाता त्यायच्याकडे? त्यायचं मत त तुमाले नव्हतं."

"जखमेले पक्ष नसते, भाऊ. मी अन् माह्या रिटायर झालेल्या नर्स मैत्रिणी जाऊन राहिलो. पण औषधं कमी पडतात. महापालिकेकडून औषधं अन् एक गाडी मिळवून द्या. योजनेले नाव तुमचं लावा."

"मंग तुमाले काय भेटन?"

"मले? मारोतराव उठून बसतीन."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गिरिधर ताईंसोबत मारोतरावांकडे गेला. जखम धुताना ताई त्यांच्याशी पिकापाण्याच्या गप्पा मारत होत्या आणि म्हातारा कण्हता कण्हता हसत होता. गिरिधरनं नकळत मारोतरावांचा हात धरला.

त्यानं महापालिकेच्या सभेत घरोघरी नर्स पाठवायचा प्रस्ताव मांडला, तेव्हा पहिला आवाज उठला तो त्याच्याच पक्षाच्या अंकुशचा. "पडलेल्या बाईचं काम तू काहून उचलतो गा?"

"बाई पडल्या म्हणून त्यायचं म्हणणं पडत नाही," गिरिधर म्हणाला. "दवाखाना मी मागूनच राहिलो. पण तो होईस्तोवर म्हाताऱ्यायचं दुखणं थांबत नाही."

बरीच खडाजंगी झाली. अखेर विरोधी बाकांनी साथ दिली आणि प्रस्ताव मंजूर झाला. गाडीच्या उद्घाटनाला ताई मागच्या रांगेत बसल्या होत्या. गिरिधर स्वतः उठून गेला आणि नारळ त्यांच्या हातात दिला.

दवाखान्याच्या जागेवर अजून नुसतं कुंपण आहे. गाडी मात्र रोज फिरते. मारोतराव आता उशीला टेकून बसतात.

"पुढच्या वक्ती बाई तुले पाडन," अंकुश त्याला बजावतो.

"पाडन त पाडन," गिरिधर म्हणतो. "तवरोक काम त होऊन राहिलं."