तात्यांच्या पाठीचा खळगा

मित्रांनो, मी एक जुना लोड आहे. शेळगावात रंगूबाईंच्या घरी पोटमाळ्यावर पडून होतो. पोटात कापूस, अंगावर त्यांच्याच हिरव्या लुगड्याचा अभ्रा आणि मधोमध एक खळगा. तो महिपती तात्यांच्या, म्हणजे रंगूबाईंच्या मालकांच्या, पाठीचा. काही केल्या तो भरून येत नाही.

माझा जन्म मात्र थाटाचा! थोरल्या मुलाची सुपारी फुटायची होती, म्हणून इंदापूरच्या पिंजाऱ्याकडून मला भरून आणलं. पाहुणे माझ्यावर रेलून चहा प्यायले. एकजण म्हणाला, "लोड लई झ्याक हाय." मी किती फुगलो म्हणून सांगू! पुढं सात-आठ वर्षं कुणी विचारलं नाही. लग्नकार्य निघालं की माझी आठवण, एरवी उंदरांची सोबत.

मग तात्यांना धाप लागू लागली. ते गुऱ्हाळावर गूळ उतरवायचे. धाकटा भाऊ रामहरी चुलाण्यात चिपाडं सारायचा आणि तात्या उकळत्या काहिलीपुढं उभे. तीस वर्षं दोघांनी तो धूर गिळला. आता तात्या आडवे झाले की छातीवर कुणी बसल्यासारखा त्यांचा जीव कासावीस व्हायचा. डॉक्टरांनी बजावलं, "आडवं झोपवू नका. पाठीला टेकू द्या." रंगूबाईंनी मला काढलं, झटकलं आणि सोप्यातल्या पलंगावर भिंतीशी उभं केलं.

चार वर्षं तात्या माझ्यावर टेकून झोपले. त्यांच्या छातीतली शिट्टी माझ्या कापसात घुमायची. ती मंदावली की मगच रंगूबाईंचा डोळा लागायचा. सकाळी तात्या मला थोपटून म्हणायचे, "तू हाईस म्हनून मी हाय, गड्या." एवढं कौतुक माझं कुणीच केलं नव्हतं.

आता पुढचं सांगायला जड जातं. एका दुपारी धाप फार वाढली. मुलगा लोणी देवकरला कामावर गेला होता. सून सारजानं फोन केला आणि दवाखान्याची गाडी निघाली. तेवढ्यात भावकी जमली. तात्यांचे ओठ निळे पडले होते. रामहरी म्हणाला, "वैनी, येळ आली. दादाला भुईवर घ्या."

आपल्याकडं माणूस जायला निघाला की त्याला पलंगावरून उतरवून जमिनीवर उताणं निजवतात. पलंगावर प्राण गेला तर जीव तिथंच घुटमळतो, असं म्हणतात.

"भावजी, नका! त्येंना आडवं सोसत न्हाय. गाडी येतीया!" रंगूबाई ओरडल्या.

"जीव अडकून ऱ्हाईल, वैनी!" रामहरीही रडतच होता.

चौघांनी तात्यांना उचललं. त्यांची बोटं माझ्या अभ्र्यात रुतली होती. ती एकेक करून सोडवली. भुईवर उताणं ठेवून तोंडात पाणी घातलं. शिट्टी दोनदा वाजली, मग वाजली नाही. गाडी पाव तासानं आली.

मी पाठीशी असतो तर तात्या वाचले असते का? मला ठाऊक नाही. पण ते दोन हातांच्या अंतरावर तडफडत होते आणि मी वर रिकामा होतो, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

त्यांचं अंथरूण ओढ्याला टाकलं. मला मात्र रंगूबाईंनी माळ्यावर लपवलं. तेव्हापासून दिवस मावळला की माझ्या कापसात ती शिट्टी वाजते. उंदीर असेल म्हणून मी कान देतो, तर उंदीर नसतो. खळगा हळूहळू ऊबदार होतो आणि अंगावर वजन येतं. जीव घुटमळू नये म्हणून त्यांना खाली उतरवलं, अन् तात्या माझ्यापाशीच राहिले.

गेल्या आठवड्यात भरदुपारी दारातून तीच शिट्टी आली. माझा कापूस गोठला! पण तो रामहरी होता.

"वैनी, आडवं हुता येत न्हाय वं. तीन राती बसून काढल्या." तो खाली बघत म्हणाला, "त्यो लोड हाय का अजून?"

 रंगूबाईंनी शिडी लावली आणि मला त्याच पलंगावर उभं केलं. रामहरी टेकला, तशी त्याची पाठ बरोब्बर त्या खळग्यात बसली. त्याला हुंदका फुटला.

"दादाला मीच उतरवलं. माझी येळ आली तर मला भुईवर घेऊ नगा, वैनी."

रंगूबाईंनी माझा कोपरा त्याच्या मानेखाली सारला. "न्हाय घेनार. सारजा गाडी बोलवतीया, डॉक्टरकडं जायाचं. तवर टेकून ऱ्हावा."

मित्रांनो, रीत मोडा असं सांगणारा मी कोण? कापसाचा लोड! पण एवढं मागतो. ज्याला बसून श्वास येतो, त्याला बसू द्या. आणि चार वर्षं त्याच्या उशाशी जागलेली बाई 'नका' म्हणाली, तर तिचं ऐका.

त्या दुपारी माझ्यावर दोघं टेकले होते. रामहरीची धाप चालूच होती. दुसरी शिट्टी मात्र मंदावत गेली, आणि दाराशी बसल्या बसल्या रंगूबाईंचा डोळा लागला.